चावडीतली ओळ

हंबीररावांनी आपली फाईल उघडली आणि शेवटच्या परिच्छेदात आपलंच कौतुक वाचलं. वाचून दुसऱ्या कुणाला गुदगुल्या झाल्या असत्या. हंबीरराव मात्र हादरले. कारण ते कौतुक त्यांनी लिहिलेलं नव्हतं, आणि फाईल त्यांची होती.

फाईल होती पंचरत्न सहकारी पशुखाद्य संघाच्या वार्षिक अहवालाची. हंबीरराव संघाचे मुख्य हिशेबनीस, त्यामुळे अहवाल लिहायचा मान त्यांचा. आता अहवाल कागदावर लिहिता आला असता आणि हे पुढचं रामायण घडलंच नसतं. पण संघाचे अध्यक्ष आकारामअण्णा यांनी पुण्याच्या एका कंपनीचा जुना मेनफ्रेम संगणक विकत आणला होता. "नव्या रेडीपरीस दुभती जुनी म्हस बरी," असं म्हणून त्यांनी तो दुसऱ्या मजल्यावर थंड खोलीत बांधला, म्हणजे बसवला. तेव्हापासून संघातला कागद न् कागद त्या यंत्राच्या पोटात जायला लागला. यंत्राला मराठी येत नव्हतं, म्हणून मराठी अहवाल इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहायचा. वाचताना प्रत्येक वाक्य अंगावर ओरडल्यासारखं वाटे. मग त्याचा छापील कागद काढून अध्यक्षांची टायपिस्ट कुलसुम तो मराठी टाईपरायटरवर बडवून छापखान्याला देई.

यंत्राचा कारभारी होता दिलदार मुल्ला. सगळ्या खात्यांच्या फायली त्यानं एकाच सामाईक डिरेक्टरीत ठेवल्या होत्या आणि तिला नाव दिलं होतं 'चावडी'. हिशेब, स्टोअर, विक्री, वाहतूक, सगळे तिथं येऊन बसणार. कुणीही कुणाचीही फाईल उघडावी, वाचावी, हवं तर चार अक्षरं लिहावीत. इतके दिवस याचं कुणाला काही वाटलं नव्हतं.

आणि आता ही ओळ. 'या सर्व यशामागे आमचे मुख्य हिशेबनीस श्री. हंबीरराव यांचे मोलाचे परिश्रम असून, त्यांच्यासारखा प्रामाणिक माणूस संघाला लाभला हे संघाचे भाग्य होय.'

हंबीररावांनी ती ओळ दोनदा वाचली, खोलीत इकडेतिकडे पाहिलं आणि झटकन खोडून टाकली. त्यांच्या घाईला कारण होतं. संघाचे मॅनेजर त्या साली निवृत्त होत होते. वार्षिक सभेत अण्णा नव्या मॅनेजरचं नाव जाहीर करणार होते, आणि ती खुर्ची एकतर हंबीररावांना मिळणार होती किंवा स्टोअरच्या जोतीरामला. हंबीररावांनी उभा जन्म त्या खुर्चीकडे बघत काढला होता. आणि अण्णांना एका गोष्टीचा भयंकर तिटकारा होता, तो म्हणजे स्वतःची पाठ स्वतः थोपटणाऱ्यांचा. आदल्या वर्षी कोडोली शाखेच्या एका इसमानं आपल्या अहवालात आपलीच आरती ओवाळून घेतली, तर अण्णांनी त्याला आरतीच्या ताटासकट जिल्ह्याच्या पार टोकाला, आजऱ्याला पाठवला. तो अजून तिथंच होता. अशा अण्णांपुढं हंबीररावांनी स्वतः लिहिलेल्या अहवालात हंबीररावांचीच तारीफ गेली, तर खुर्ची तर जाणारच, वर आजऱ्याची एस. टी. धरावी लागणार.

म्हणजे हा डाव होता. कुणीतरी गोड बोलून काटा काढत होता.

दुसऱ्या दिवशी ओळ परत आली. हंबीररावांनी ती परत खोडली. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. तेव्हा मात्र ते उठून दिलदारकडे गेले.

"दिलदार, माझ्या फायलीत कोण तर हात घालतंय."

"काय गेलं काय सायेब?"

"गेलं न्हाई. वाढलंय."

"वाढलंय? काय वाढलंय?"

इथं हंबीररावांची जीभ अडखळली. माझं कौतुक वाढलंय, असं सांगायची सोय नव्हती. ऐकणारा म्हणाला असता, तुम्हीच लिहिलं असणार. ते म्हणाले, "ते सोड. कुणी लिवलं ते तुझं यंत्र सांगतंय का?"

"कधी लिवलं ते सांगतंय. कुणी ते न्हाई सांगत. काल चार वाजायच्या सुमारास लिवलंय बगा."

"कोण ते सांगत न्हाई? एवढं पैसं घालून आणलं आन आपल्या पेठंतल्या म्हातारीएवढी बी अक्कल न्हाई त्याला?"

दिलदार हसला आणि त्यानं समजावून सांगितलं. फाईलला कुलूप घालता येतं. यंत्र तीन प्रकारची माणसं ओळखतं. एक फाईलचा मालक, म्हणजे घर. दुसरी मालकाच्या खात्यातली माणसं, म्हणजे भावकी. आणि तिसरी बाकीचे सगळे, म्हणजे गाव. कुणाला वाचायची मुभा, कुणाला लिहायची, कुणाला काहीच नाही, हे तिघांसाठी वेगवेगळं ठरवता येतं.

"मग भावकीला बंदी कर," हंबीरराव क्षणाचाही विचार न करता म्हणाले.

"आन गावाला?"

"गावाला काय पडलंय? बांध कोरतो त्यो भाऊबंद. गावातला माणूस कशाला येतोय बांध कोराय?"

"सायेब, जरा उलटं हुतंय हे. गावाला मुभा आन भावकीला बंदी अशी केली, तर तुमच्या खात्यातली माणसं सोडून सगळा संघ तुमची फाईल उघडंल. भावकीतला म्हटल्यावर त्याला भावकीचाच कायदा लागतोय. गावाची मुभा त्याला मिळत न्हाई."

"मिळायला नगोच," हंबीरराव म्हणाले. दिलदार पुण्याला जाऊन यंत्र शिकून आला होता. हंबीरराव मात्र कोडोलीच्या शेताच्या बांधावर शिकलेले. या बाबतीत कुणाचं शिक्षण जास्त, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती.

कुलूप बसलं. त्याच दिवशी हिशेब खात्यातला कृष्णात बेरजा तपासायला अहवालाची फाईल उघडायला गेला, तर यंत्रानं त्याला 'परवानगी नाही' म्हणून दारातूनच परत पाठवलं. कृष्णात हा तसा गरीब माणूस. पण आजवर ज्या घरात मागच्या दारानं जात होता, त्या घराला कुलूप दिसल्यावर गरीब माणसालाही शंका येते. त्यानं शेजारच्या टर्मिनलवर, म्हणजे यंत्राला जोडलेल्या पडद्यापुढं बसलेल्या स्टोअरच्या कारकुनाला विचारलं, "तुझ्यात उघडतीया का बग रं."

"उघडली की."

"उघडली? काय हाय आत?"

"अहवाल हाय. ढेप किती विकली, सरकी किती आली."

"आणि?"

"आणि काय न्हाई."

कृष्णात खात्यात परत आला तो पांढरा पडून. सगळ्या संघाला वाचता येतं आणि फक्त आपल्याला नाही, म्हणजे आत आपल्याविषयीच काहीतरी आहे. आणि स्टोअरवाला काही नाही म्हणतो, म्हणजे तो हंबीररावांना सामील आहे. संध्याकाळपर्यंत हिशेब खात्यात पक्कं झालं की अहवालात आजऱ्याच्या बदल्या आहेत. विक्रीवाल्यांना विचारलं, वाहतूकवाल्यांना विचारलं. सगळे म्हणाले, "अरं बाबा, ढेप आन सरकी." जितके लोक काही नाही म्हणत गेले, तितकी हिशेब खात्याची खात्री वाढत गेली. एवढी माणसं एकसारखं खोटं बोलतात, म्हणजे प्रकरण मोठं आहे.

बाकीच्या खातेप्रमुखांना वेगळाच संशय आला. हंबीररावांनी आपल्याच माणसांना बंदी केली, म्हणजे त्यांना काहीतरी कळलं असणार. आणि त्यांच्या खात्यात घडतं ते आपल्यात घडत नसेल कशावरून? विक्रीच्या प्रमुखांनी दिलदारला हळूच गाठून सांगितलं, "माझ्या बी फायलीस्नी हंबीररावांसारखं कर." मग वाहतुकीचे आले. शेवटी जोतीराम आला.

"तुमास्नी कशाला पायजे?" दिलदारनं विचारलं.

"मला नगोच हाय. पण सगळ्यांच्या दाराला कुलूप आन माझंच उघडं दिसलं, तर लोक म्हणत्याल ह्याच्या घरात चोरण्यासारखं काय न्हाई."

अशा रीतीनं खातेप्रमुख सोडले तर संघात कुणालाही आपल्या खात्याची फाईल उघडेना आणि दुसऱ्याची मात्र बिनबोभाट उघडू लागली. काम तर थांबवता येत नव्हतं. म्हणून लोकांनी आपापसांत सोय लावली. हिशेबाची बेरीज स्टोअरवाले करायला लागले, विक्रीचे आकडे वाहतूकवाले भरायला लागले, आणि ट्रक कुठं गेला हे स्टोअरला विचारावं लागे. कृष्णात दिवसभर स्टोअरची सरकी मोजत बसायचा आणि स्टोअरचा कारकून त्याच्यासाठी बेरजा करायचा. दोघं एकमेकांकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत. गंमत म्हणजे त्या आठवड्यात संघाच्या कामात एकही चूक निघाली नाही. दुसऱ्याची चूक शोधायला मिळाल्यावर माणूस किती मन लावून काम करतो, हे सहकारात पहिल्यांदाच दिसलं.

पण हंबीररावांची ओळ काही थांबली नाही. ती रोज दुपारी उगवायची आणि रोज सकाळी ते ती उपटायचे. एकदा तर ती वाढून आली. 'प्रामाणिक'च्या जोडीला 'अभ्यासू' आलं होतं.

घरी तानाबाईंना त्यांनी सगळं सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं ते नव्हतंच.

"कोण तर चांगलं लिवतंय तर लिवू द्या की," तानाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या.

"सरळ मनानं चांगलं कोण बोलतं का ह्या जगात?"

"मी बोलत हुते. लगीन नवीन हुतं तवा."

"तवा बी मला शंका आलतीच."

"आन बरोबर निघाली," तानाबाई म्हणाल्या आणि त्यांनी भाकरी उलटली.

हंबीररावांनी आता पाळत ठेवायचं ठरवलं. ते अवघड नव्हतं. थंड खोलीत चपला घालून जायला मनाई असल्यामुळं सगळ्यांच्या चपला दारात असत, आणि कोल्हापुरात माणूस तोंडावरून ओळखायला एखादे वेळी चुकेल, पण चपलेवरून चुकत नाही. हंबीरराव जिन्यातल्या पिण्याच्या पाण्याच्या माठाशी उभे राहू लागले. इतकं पाणी ते जन्मात प्याले नव्हते. दुपारी कुलसुमच्या छोट्या सँडल येत आणि थोड्या वेळानं जात. ती बिचारी मराठी मसुद्यासाठी अहवालाचा छापील कागद काढत असणार, तिच्यावर संशय घ्यायचं कारण नव्हतं. पण जेवणानंतर रोज तिथं लाल गोंड्याच्या दणकट पायताणांचा एक जोड दिसायचा, आणि तो चारपर्यंत हलायचा नाही. ते पायताण जोतीरामचं होतं.

जोतीराम त्यांच्या स्पर्धेतला खरा, पण दोघं एकाच वर्षी संघाला लागलेले. रोज दुपारी एका ताटात जेवत. हंबीररावांच्या घरची भाकरी आणि जोतीरामच्या घरचा खर्डा, असा वर्षानुवर्षांचा रिवाज होता. डाव कुणीही टाकावा, पण ज्याचा खर्डा खाल्ला त्यानं टाकू नये, असं त्यांना मनापासून वाटलं. त्यांनी हळूच दार ढकललं. जोतीराम टर्मिनलपुढं मान खाली घालून बसला होता.

"काय करायलाईस?"

जोतीराम दचकला. "अं? काम करायलोय की."

"डोळं झाकून?"

"इचार करायलोय."

"घोरत?"

जोतीरामनं तोंड पुसलं. "हंबीरा, खरं सांगू? बाहेर केवढं ऊन हाय. हितं गार लागतंय. जेवलं की डोळा लागतोय बग."

हे अगदी खरं होतं आणि म्हणूनच हंबीररावांना ते पटलं नाही. इतकं साधं कारण कुणी देतं का? दुसऱ्या दिवसापासून ते आपला डबा टेबलाच्या खणात ठेवून एकटेच जेवू लागले. जोतीरामनं दोन दिवस वाट बघितली, मग खर्डा घरून आणायचा बंद केला. आणि हंबीररावांनी दिलदारला बोलावून सांगितलं, "गावाला बी बंदी कर. एकट्या मला मुभा ठेव."

"मग कुलसुमला मसुदा कसा काढता येणार?"

"मी काढून देतो छापून. माझ्या हातानं."

गावाची वेस बंद झाली. त्या रात्री हंबीरराव गाढ झोपले. दुसऱ्या दिवशी ओळ आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मात्र ती होती. या वेळी तर 'प्रामाणिक' आणि 'अभ्यासू' यांच्या पाठोपाठ 'आणि मोठी जबाबदारी पेलण्यास समर्थ' असंही आलं होतं.

हंबीररावांनी दिलदारला खोलीच्या कोपऱ्यात घेतलं. "आता माझ्या फायलीत कोण कोण लिवू शकतंय?"

"तुमी."

"आन?"

दिलदारनं भिंतीकडं बघितलं. "आन मी. माझ्याजवळ सगळ्या कुलपांची मास्टर किल्ली हाय. यंत्राच्या कारभाऱ्याला ती असायच लागती."

"म्हंजे तू लिवतोस."

"सायेब, मला काय इचारू नगा. माझ्या गळ्याची शपत हाय."

"कुणी घातली शपत?"

"तेच तर सांगता येत न्हाई."

दिलदारला खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं सांगता येत नव्हतं, त्यामुळे त्याचा चेहरा अगदी चोरासारखा झाला होता. हंबीररावांना वाटलं, जोतीरामनं ह्याला फोडला. आता मात्र गप्प बसण्यात अर्थ नव्हता. ते तडक आकारामअण्णांच्या केबिनमध्ये गेले. अण्णा कुलसुमला काहीतरी सांगत होते. हंबीररावांना बघून ते थांबले आणि कुलसुम कागद आवरून बाहेर गेली.

"अण्णा, एक अर्ज हाय. सगळ्या फायलींची मास्टर किल्ली एकट्या दिलदारजवळ हाय. हे काय बरं न्हवं. आपल्यात देवळाच्या पेटीला सुदीक दोन कुलपं असत्यात आन किल्ल्या दोघांकडं. एक आला तर दुसऱ्याबिगर उघडायची न्हाई."

अण्णा खुर्चीत पुढं सरकले. "म्हंजे तुमच्या फायलीत दुसऱ्या कुणी कायबी लिवू नये, असं तुमचं म्हणणं."

"व्हय. कायबी म्हंजे कायबी."

"चांगलं असलं तरी?"

"चांगलं असलं तर मुळीच नगो."

"पक्कं ठरीवलंय?"

"पक्कं, अण्णा."

अण्णांनी एक लांब श्वास सोडला. "बरं. तुमची मर्जी."

किल्लीचे दोन तुकडे करायचे ठरले. सभेपर्यंत मास्टर किल्लीचा परवलीचा शब्द दोघांनी अर्धा अर्धा घालायचा, आणि कुणीही आपला अर्धा दुसऱ्याला सांगायचा नाही. एक अर्धा हंबीररावांचा. दुसरा जोतीरामचा, कारण दुसरा ज्येष्ठ खातेप्रमुख तोच होता. हंबीररावांना आधी ते पटलं नाही. मग त्यांनी विचार केला की निम्म्या किल्लीनं चोराला दार उघडत नाही, आणि आपण तर आपला निम्मा मेलो तरी सांगणार नाही.

शब्द घालण्याचा समारंभ सगळ्या ऑफिसनं दाराच्या काचेतून बघितला. आधी हंबीरराव बसले. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल डोक्यावरून टर्मिनलवर ओढून घेतला आणि आत काय ते बडवलं. वाफारा घेतल्यासारखे ते घामाघूम होऊन बाहेर आले. मग जोतीराम आत गेला. टॉवेलखालून त्याचा आवाज आला, "हंबीरा, आपण एका ताटात जेवत हुतो रं."

"शब्द घाल," हंबीरराव म्हणाले.

जोतीरामनं शब्द घातला, दारातली पायताणं पायात सरकवली आणि तो निघून गेला. दिलदार एका बाजूला उभा होता. आपल्या घराची किल्ली दुसऱ्यांनी वाटून घेतल्याचं त्याला वाईट वाटत होतं, आणि शपथेतून सुटल्याचं बरंही वाटत होतं. ओळ परत येऊ शकत नव्हती. हंबीररावांनी ती शेवटची खोडली आणि सभेपर्यंत रोज सकाळी फाईल उघडून पाहिली. ढेप आणि सरकीशिवाय आत काही नव्हतं. त्यांना इतका आनंद झाला की त्या भरात ते कृष्णातला शाबास म्हणाले. कृष्णातला वाटलं, संपलं, आता आजरा नक्की.

वार्षिक सभा संघाच्या गोदामात भरली. पोती एका बाजूला सारून सभासदांसाठी जाजमं अंथरली होती. व्यासपीठावर अण्णा, शेजारी हंबीरराव, पलीकडं जोतीराम. पहिल्या रांगेत तानाबाई नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. आज आपल्या नवऱ्याचं काहीतरी होणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हंबीररावांनी अहवाल खणखणीत वाचला. शेवटचा परिच्छेद आला तसा त्यांचा आवाज आणखी चढला. त्यात सभासदांचे आभार होते, म्हशींचे होते, पावसाचे होते. हंबीररावांचं नाव औषधालाही नव्हतं. ते खाली बसले तेव्हा त्यांचं ऊर भरून आलं होतं. डाव उधळला होता.

अण्णा माईकपाशी गेले.

"सभासद बंधूंनो आन भगिनींनो. आता मॅनेजरचं. आमच्या गावात पूर्वीपास्नं एक रीत हाय. गावाच्या कामावर कुणाला नेमायचं असलं, की त्येचं नाव थोडं दिवस चावडीवर टाकून ठेवायचं. कुणाची हरकत आली तर इचार करायचा. न्हाई आली तर नेमणूक पक्की. मी म्हटलं, आपल्या यंत्रात बी दिलदारनं चावडी केलीया. मग हितं बी तीच रीत करू."

हंबीररावांनी हातातला अहवाल परत उघडला.

"म्हणून मी कुलसुमला सांगितलं, हंबीररावांच्या अहवालात रोज दुपारी त्यांचं नाव टाक. चांगल्या शब्दात टाक. मुद्दाम त्यांच्याच फायलीत टाकलं, म्हंजे त्यांनी बी वाचावं. न्हाई खोडलं गेलं, तर सभेत वाचलं जाणार आन लगेच मी मॅनेजर म्हणून त्यांचं नाव सांगणार. असा माझा बेत हुता."

गोदामात कुजबुज झाली. तानाबाई पदर सावरून ताठ बसल्या.

"पण रोज सकाळी ते नाव खोडलेलं. मला वाटलं, कोण तर हरकत घेतंय. मनात म्हटलं, बघू कोण थकतंय. कुलसुम रोज लिवायची, रोज खोडलेलं. मग एक दिवस ती म्हटली, अण्णा, फाईलला बंदी आली, मला लिवता येईना. तवा दिलदारला शपत घातली आन त्याच्याकडनं लिवून घेतलं. ते बी खोडलं. मी दिलदारला इचारलं, बाबा रे, आता खोडणारं ऱ्हायलंय कोण? तो म्हणाला, अण्णा, भावकी, गाव, सगळ्यास्नी बंदी हाय. आतनं कडी लावून बसल्यात ते एकटं हंबीरराव. दुसऱ्या कुणाचा हात लागणंच शक्य न्हाई."

हंबीररावांनी दिलदारकडं बघितलं. दिलदारनं दोन्ही हात वर करून आता मी काय करणार, अशी खूण केली.

"मंडळी, मी उभा जन्म सहकारात घालवला. आपलं नाव दुसऱ्याच्या कामाखाली घालणारे लई बघितले. दुसऱ्याचं नाव खोडणारे तर रोज भेटत्यात. पण आपलं सवताचं कौतुक सवताच्या हातानं खोडणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. आन एकदा न्हवं, रोज. शेवटाला तर माझ्या केबिनात येऊन त्यांनी मला तोंडावर सांगितलं, चांगलं असलं तर मुळीच नगो. पक्कं ठरीवलंय का इचारलं, तर पक्कं म्हणाले. अशा निःस्वार्थी माणसाच्या गळ्यात मी जबरदस्तीनं पद कसं बांधू? म्हणून मॅनेजर म्हणून जोतीरामचं नाव मी जाहीर करतोय. आन हंबीररावांचा त्यांच्या त्यागाबद्दल फेटा, शाल आन नारळ देऊन सत्कार करतोय."

टाळ्या अशा वाजल्या की छपराखालची पाखरं उडाली. कृष्णातनं धावत येऊन हंबीररावांच्या पायावर डोकं ठेवलं. ज्या फाईलमुळं आपण आठवडाभर त्यांना शिव्या दिल्या, त्या फाईलमध्ये हा माणूस गुपचूप मॅनेजरपण सोडत बसला होता, या विचारानं त्याला हुंदका आवरेना. जोतीराम उठून आला आणि त्यानं हंबीररावांना मिठी मारली. "हंबीरा, मला वाटलं तू माझा राग करायलाईस. आन तू माझ्यासाठी टॉवेल घेऊन बसला हुतास व्हय."

हंबीररावांच्या डोक्यावर फेटा चढायला लागला. प्रत्येक वळशाबरोबर त्यांना वाटत होतं की आता ओरडावं, आत्ता सांगावं की हे खोटं आहे, मला खुर्ची पाहिजे, मी तिच्यासाठीच हे सगळं केलं. तानाबाई पहिल्या रांगेतून त्यांच्याकडं बघत होत्या. त्यांना सगळी गोष्ट ठाऊक होती. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, आणि शेजारणीला वाटलं की बाईंना भरून आलं.

फेट्याचं टोक खोचून अण्णा हंबीररावांच्या कानाशी वाकले. त्यांचा आवाज खरोखर ओला झाला होता. "हंबीरराव, अजून बी सांगतो. तुमची इच्छा असंल तर आत्ता सभेसमोर बोला. जोतीराम थांबंल."

हंबीररावांना देव पावल्यासारखं झालं. ते माईककडं वळले. त्यांनी तोंड उघडलं, पण एवढ्या दिवसांची सगळी इच्छा घशात येऊन अडकली आणि शब्द फुटेना. डोळ्यांतून पाणी मात्र वाहायला लागलं. त्यांनी हात हलवून सांगायचा प्रयत्न केला.

अण्णांनी माईक आपल्याकडं ओढून घेतला. "बगा मंडळी," ते म्हणाले, "अजून बी नगोच म्हणायला लागल्यात." आणि टाळ्या पुन्हा सुरू झाल्या.